धावणे आवडत नाही, की धाप लागणे?

वाचकाचे पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४२ असून मी नाशिकला एका सहकारी बँकेत नोकरी करते. मागच्या तपासणीत रक्तातील साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी नियमित व्यायाम करायला सांगितले. चालणे मला जमते. पाऊण तास झपाट्याने चालले तरी काही वाटत नाही. माझे पती गेली सहा वर्षे धावतात आणि त्यांनी दोन-तीन अर्धमॅरेथॉनही पूर्ण केल्या आहेत. त्यांच्या आग्रहावरून महिनाभरापूर्वी मी त्यांच्यासोबत गोल्फ क्लब मैदानावर धावू लागले. त्यांनी मला धावण्याचे घड्याळही आणून दिले. पण खरे सांगायचे तर मला त्यातले एकही मिनिट आवडत नाही. दोन मिनिटांत छाती भरून येते, घसा कोरडा पडतो, कुशीत कळ येते, आणि पती पुढून ‘थोडेच राहिले, थांबू नकोस’ असे म्हणत राहतात. लोक सांगतात की धावून आले की दिवसभर ताजेतवाने वाटते, त्याची नशाच चढते. मला फक्त ‘हे कधी संपणार’ एवढेच वाटते. कविता राऊतच्या जिल्ह्यात राहून मैदानाची एक फेरीही न थांबता मारता येत नाही, याची लाज वाटते ती वेगळीच. माझ्या शरीरातच काही कमी आहे का? की हे सोडून देऊन आपले चालणेच बरे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पाऊण तास झपाट्याने चालूनही जिला काही वाटत नाही, तिला धावताना दोन मिनिटांत कुशीत कळ येत असेल, तर ती तिच्या आजच्या ताकदीच्या मानाने फार वेगाने धावते आहे, इतकेच मला त्यातून दिसते. डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच व्यायाम सांगितला असेल, तरीही आपण धावणे सुरू केले आहे हे त्यांच्या कानावर घाला, आणि धावताना छातीत दुखले, दडपण आले, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच पावली थांबून त्यांना गाठा. एवढी खबरदारी घेतली, की उरते ती तुमची तक्रार, आणि ती मला धावण्याविषयीची वाटतच नाही. ती धाप लागण्याविषयीची आहे. धाप लागणे कुणालाच आवडत नाही. तुमच्या पतींनाही आवडत नसणार.

आपल्यापैकी बहुतेकांची धावण्याशी ओळख शाळेत होते आणि ती दोनच वाटांनी होते. पहिली वाट वार्षिक क्रीडामहोत्सवातल्या शंभर मीटरच्या शर्यतीची, जिथे शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचे असते. दुसरी शिक्षेची. प्रार्थनेला उशीर झाला, गणवेशाचा पट्टा घरी राहिला, कवायतीत हात चुकला, की पी.टी.चे सर मैदानाला तीन चकरा मारायला लावत आणि त्या चकरा सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत माराव्या लागत. बेताने, स्वतःच्या सोयीने धावायला मला तरी शाळेत कुणी शिकवले नाही. पुढे आपण मुली एकदा मोठ्या झालो की बस चुकू नये म्हणून धावण्यापलीकडे पंचवीस वर्षे पाय उचललेला नसतो, आणि चाळिशीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा मैदानावर गेलो की पायांना आठवतो तो शाळेतला एकच वेग. तो वेग घेऊन कुणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकणार नाही.

म्हणून हळू धावा. हळू म्हणजे किती, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते, कारण ‘हळू’ म्हटल्यावर नवशिका माणूस जेवढा वेग कमी करतो, त्याहून बराच जास्त कमी करायचा असतो. हा वेग तुमच्या झपाट्याच्या चालण्यापेक्षा जेमतेम जास्त असेल. एका किलोमीटरला आठ-नऊ मिनिटे लागली तरी काही बिघडत नाही, आणि शेजारून एखादे आजोबा भरभर चालत पुढे निघून गेले तर त्यांना जाऊ द्या. वेग मोजायला घड्याळ लागत नाही, सतराचा पाढा पुरतो. धावता धावता पुटपुटून पाहा: सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एवढे एका श्वासात, शब्द न तोडता म्हणता आले तर वेग योग्य आहे. ‘सतरा दुणे’ आणि ‘चौतीस’ यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, आणि त्याहून हळू धावताच येत नसेल तर सरळ चालू लागा. (पाढाच आठवत नसेल, तर तो दोष धावण्याच्या माथी मारू नका.)

यामागचे कारण समजले की हळू धावण्याचा संकोच बराच कमी होतो. स्नायूंना लागणारी ऊर्जा शरीर एरवी प्राणवायूच्या मदतीने चरबी आणि साखर सावकाश जाळून मिळवते, आणि हे काम तासन्‌तास चालू शकते. मागणी एकदम वाढली की मात्र प्राणवायूची वाट न पाहता साखर मोडण्याचा जवळचा मार्ग अधिक वापरावा लागतो. त्यातून ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूंमध्ये आणि रक्तात आम्लता वाढते, आणि ती निस्तरण्यासाठी जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास भात्यासारखा चालू लागतो. तुम्हाला दोन मिनिटांनी लागणारी धाप ती हीच. त्यात आणखी एक मेख आहे. धावायला सुरुवात केल्याबरोबर हृदय आणि फुप्फुसे नव्या मागणीला लगेच पुरी पडत नाहीत. त्यांना जुळवून घ्यायला काही मिनिटे लागतात आणि तोवर शरीर, तुमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, ओव्हरड्राफ्टवर चालते. वर्षानुवर्षे धावणाऱ्यांनाही सुरुवातीची मिनिटे जड जातात. मला तर अजूनही पहिल्या वळणापर्यंत ‘आज यायलाच नको होते’ असे वाटते. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यावर, तेही भलत्या वेगाने पोचून, थांबता आहात. म्हणजे गेला महिनाभर तुम्ही धावण्यातला सगळ्यात वाईट तुकडा तेवढा रोज चाखला, आणि पुढचे पान तुमच्यासाठी वाढलेच गेले नाही.

तो तुकडा टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे मैदानावर गेल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त चालणे, त्यातली शेवटची तीन-चार झपाट्याने. शरीराची जुळवाजुळव चालण्यातच होऊन जाते. मग एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे सात-आठ वेळा. शेवटी पाच मिनिटे रमतगमत चालून घर गाठायचे. मिनिटे मोजायचा कंटाळा आला तर ट्रॅकच्या कडेचे दिव्याचे खांब धरा: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचे, पुढची दोन अंतरे चालायचे. चालण्याची पाळी आली की दम शिल्लक असला तरी चालायचेच, यात सगळे मर्म आहे. ‘आज बरे वाटते आहे, आणखी एक खांब ओढू’ असे म्हणणारी माणसे चौथ्या पाळीला गळतात आणि घरी जाताना पुन्हा तोच धापेचा अनुभव बरोबर नेतात. हे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून करावे, आणि उरलेल्या दिवशी तुमचे चालणे चालू ठेवावे. पहिले पंधरा दिवस यात काहीही बदलू नका. त्यानंतर धावण्याचा वेळ दर आठवड्याला थोडासा वाढवा किंवा चालण्याचा थोडा कमी करा, पण दोन्ही एकदम नको. सलग अर्धा तास धावण्यापर्यंत कुणी नऊ-दहा आठवड्यांत पोचते, कुणाला त्याच्या दुप्पट लागतात. मला सहा महिने लागले, आणि चढ आला की मी आजही चालते.

पावले लहान टाका. लांब टांगा टाकल्या की टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि प्रत्येक पावलाला जणू ब्रेक लागतो; पाऊल कमरेच्या खालीच पडावे आणि त्याचा ‘धप्प’ असा आवाज होऊ नये. खांदे कानांकडे चढले असतील तर सोडा, मुठी सैल ठेवा. श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने, या वादात पडू नका; दोन्हींनी घ्या. कुशीतली कळ वेग उतरला की बहुधा आपोआप थांबेल. तरीही आलीच तर चालू लागून लांब उच्छ्वास सोडा, आणि धावण्याच्या आधीच्या दोन तासांत पोटभर काही खाऊ नका. सकाळी अर्धे केळे आणि अर्धा कप चहा एवढ्याने काही होत नाही.

यानंतरचा सल्ला थोडा नाजूक आहे. निदान तीन महिने पतींबरोबर धावू नका. त्यांचा आग्रह मायेपोटी आहे यात मला शंका नाही, परंतु सहा वर्षे धावलेल्या माणसाचा सगळ्यात निवांत वेगही तुमच्यासाठी शर्यतीचा असतो, आणि स्वतःचे पहिले महिने कसे गेले हे माणूस सोयीस्करपणे विसरलेला असतो. शिवाय कुणाच्या तरी पाठीकडे पाहत, ‘थोडेच राहिले’ ऐकत धावणे म्हणजे पुन्हा पी.टी.च्या सरांच्या चकराच झाल्या. घरातून दोघे एकत्र निघा, मैदानावर वेगळे व्हा आणि परतताना चहाच्या टपरीवर भेटा. ते घड्याळही तेवढे दिवस कपाटात असू द्या. वस्तू वाईट नाही, पण नवशिक्याच्या मनगटावर ती दर मिनिटाला प्रगतिपुस्तक दाखवते आणि आकडा सुधारण्याच्या नादात वेग वाढतो.

कविता राऊत यांचे नाव तुम्ही काढले म्हणून सांगते. सावरपाड्याच्या या धावपटूने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरचे अंतर सुमारे ३३ मिनिटांत कापून कांस्यपदक मिळवले. आपण टीव्हीवर पाहतो ती अशी ३३ मिनिटे. त्यामागच्या सकाळी आपल्याला दिसत नाहीत. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यातला सुमारे ८० टक्के सराव सहज बोलता येईल अशा वेगाने केलेला आढळला. म्हणजे पदके मिळवणारी माणसेही बहुतेक दिवस त्यांच्या मानाने हळूच धावतात. आपणच तेवढे रोज शर्यत लावतो.

लाजेविषयी एक जुनी हकिकत माझ्या आवडीची आहे. १९६२ मध्ये न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने ऑकलंडमधली मध्यमवयीन, बैठ्या कामाची माणसे रविवारी सकाळी जमून गप्पा मारत सावकाश धावू लागली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बिल बॉवरमन हे अमेरिकेतले नामांकित धावप्रशिक्षक तिथे पाहुणे म्हणून आले आणि उत्साहाने त्या घोळक्याबरोबर निघाले. त्यांचे वय तेव्हा ५१ होते, हाताखाली ऑलिंपिकला गेलेले धावपटू होते आणि आपली तब्येत ठणठणीत आहे असा त्यांचा समज होता. थोड्याच अंतरात ते मागे पडले, आणि त्यांच्या सोबतीला थांबून गप्पा मारत राहिले ते हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. बॉवरमन यांना धापेमुळे त्या गप्पांना धड उत्तरेही देता येईनात. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या गावातल्या साध्यासुध्या लोकांना असेच धावायला शिकवले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर पुस्तक लिहिले. ‘जॉगिंग’ हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना धावायला शिकवणाऱ्या माणसाला जर एकावन्नाव्या वर्षी ही नामुष्की पत्करता येते, तर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आपण कुणाची भीड बाळगायची?

एका गोष्टीत मात्र सांभाळा, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. दम पायांच्या आधी सुधारतो. थोड्या आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि माणसाला वाटते, आपल्याला जमले. हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी बांधणारे चिवट दोर) यांना नव्या भाराची सवय व्हायला मात्र महिने लागतात, आणि धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येत असतो. मी ३८व्या वर्षी धावू लागले. सातव्या आठवड्यात मलाही असाच साक्षात्कार झाला आणि एका रविवारी मी तीन किलोमीटरचे एकदम सहा केले. मंगळवारी जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, बोट ठेवताच कळ मस्तकात जावी असे दुखू लागले. मी बर्फ लावला, घरात कुणाला कळू दिले नाही, गुरुवारी पुन्हा धावले आणि त्यानंतर पाच आठवडे नुसती बसून होते. दोन्ही पोटऱ्या सारख्याच अवघडल्या असतील आणि चालल्यावर मोकळ्या होत असतील तर काळजीचे कारण नाही. एकाच बाजूला, बोटाने जागा दाखवता येईल असे दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर त्या दिवशी घरी जा आणि आठवडाभरात उतरले नाही तर दाखवून घ्या.

बुटांवर फार खर्च करू नका. धावण्याचे साधे बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मोजे घालून आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्या, म्हणजे झाले. त्याहून महत्त्वाची आणि अशा सदरांत क्वचितच छापली जाणारी गोष्ट म्हणजे मापाची, घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा. कित्येक जणींना धावणे नकोसे वाटते ते या एका गैरसोयीपायी, आणि ते बोलून दाखवायचीही चोरी असते. तसेच धावताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जात असतील, तर बाळंतपणानंतर असे चालायचेच म्हणून सोसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि बहुतेकींना त्याचा चांगला उपयोग होतो.

राहिली ती नशा. पूर्वी तिचे सगळे श्रेय एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्याला दिले जाई, परंतु रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे अलीकडे संशोधकांचे लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या आणि भांगेतल्या द्रव्यासारखे काम करणाऱ्या रेणूंकडे वळले आहे. त्यांपैकी एक रेणू १९९२ मध्ये जेरुसलेममधल्या संशोधकांनी वेगळा काढला आणि त्याला चक्क आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. मध्यम श्रमाने अर्धा तास धावल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे तुमच्या दोन मिनिटांच्या ओढाताणीत नशा चढली नाही, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. तरीही तिच्या आशेवर राहू नका. मला ती वर्षातून चार-पाच वेळाच भेटते.

मला मिळाले ते निराळेच आणि फार किरकोळ आहे. मी धावते त्या रस्त्याच्या वळणावर एक कडुनिंब आहे. पहिले चार महिने मी त्या झाडापर्यंत धावत असे. झाड लांबून दिसू लागले की पाय आपोआप जड होत आणि खोडापाशी पोचले की मी सुटकेचा श्वास टाकत चालू लागे. मे महिन्यातल्या एका सकाळी पेपरवाले फुटपाथवर बसून अंकांत पुरवण्या घालत होते, दुधाचा टेंपो उभा होता, आणि मी मनातल्या मनात कैरीच्या लोणच्याला मोहरीची डाळ किती घ्यावी याचा हिशेब करत होते. आदल्या वर्षीचे लोणचे कडवट झाले होते. भानावर आले तेव्हा कडुनिंब दिसेना. वळून पाहिले तर तो बराच मागे राहिला होता. मी थांबायचे विसरले होते. अशा सकाळी हळू धावणाऱ्यालाच येतात, कारण धाप लागलेल्या माणसाला लोणचे सुचत नाही.

त्या सकाळी लवकर याव्यात म्हणून एवढे करता येईल की रोज तोच ट्रॅक नको. एखाद्या रविवारी मैदान सोडून सोमेश्वरच्या बाजूला जा, जिथे मातीचा रस्ता मिळेल तिथे धावा, नाही तर चाला. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच आटोपा आणि वेग आणखी उतरवा, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळवावे लागते आणि तोच वेग एकाएकी जड वाटतो. त्या दिवशी आपली ताकद घटली असा अर्थ काढू नका.

आणि हे सोडून द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. दहा-बारा आठवडे, पाढा म्हणता येईल अशा वेगाने धावूनही मन रमले नाही, तर खुशाल सोडा. साखरेला आवर घालायला धावणेच हवे असे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. त्यातला पहिला भाग तुमचे पाऊण तासाचे चालणे आठवड्यातून चार दिवसांतच पुरा करते. फक्त ज्या वेगाने तुम्ही आजवर धावलात, त्याच्या जोरावर निकाल देऊ नका.

तीन महिने झाले की एखाद्या रविवारी पतींना तुमच्याबरोबर घ्या, तुमच्या वेगाने आणि तुमच्या खांबांच्या हिशेबाने. ते पुढे सटकू लागले तर त्यांना सतराचा पाढा म्हणायला लावा, आणि कुठे अडखळले तर पुन्हा सतरा एके सतरापासून.